अल्बमचे मालक

आमच्या साडूंविषयी, म्हणजे तेलगावच्या उत्तरेश्वरभाऊंविषयी, मी काही लिहितोय हे कळल्यावर बायकोने स्वयंपाकघरातूनच ताकीद दिली, "लताच्या नवऱ्याचं लिहिताय, तर दोन शब्द चांगलेही टाका." त्या दोन शब्दांसाठी मी अख्खा रविवार बसलो. एक सापडला, आवाज. माणसाचा आवाज खरोखरच मोठा आहे. दुसरा अजून शोधतोय.

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांच्या मते झोपेचा तास घेतो. मला कुणी मोठं माणूस समजत नाही आणि त्याची आता सवय झाली आहे. म्हणूनच असेल, पण स्वतःला इतकं मोठं समजणारा माणूस इतक्या जवळून बघायला मिळाला की मला एकीकडे वैताग येतो आणि दुसरीकडे नजर हलत नाही.

उत्तरेश्वरभाऊ उंचीने बेताचेच. पण चालताना दोन्ही हात अंगापासून असे लांब धरतात, की दोन्ही काखांत एकेक कलिंगड असावं. पांढरा कडक शर्ट, खिशात दोन पेनं, त्यांतलं एकही चालत नाही. फोन आला की बसलेले उठतात आणि गोल गोल फिरत बोलतात. पलीकडे लताच असली तरी "बोला साहेब" अशीच सुरुवात. आणि कुठल्याही वाक्यात "आपल्यामुळंच" हा शब्द. गावात डांबरी रस्ता आला, आपल्यामुळंच. बँकेची शाखा आली, आपल्यामुळंच. माझ्या मुलीला बारावीला बरे मार्क पडले, तेव्हाही पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मी तवाच म्हणलतो, सायन्स घे. आपल्यामुळंच झालं."

मुलगी कॉमर्सला होती.

त्यांचा धंदा मंडपाचा आणि साउंडचा. लग्नाला गाद्या, खुर्च्या, पातेली, कर्णे आणि आता डीजेची भिंत, म्हणजे एकावर एक रचलेले स्पीकर. या धंद्यात भाड्याने गेलेली वस्तू परत येईलच असं नसतं, म्हणून मंडपवाले वस्तूंवर नाव घालतात. ते ठीकच आहे. पण उत्तरेश्वरभाऊंनी ते पार धर्मासारखं पाळलं. पातेल्याच्या बुडाला नाव, झाऱ्याच्या दांड्याला नाव, गादीच्या चारही कोपऱ्यांवर नाव आणि मध्यभागी, जिथं माणूस बसणार, तिथं सगळ्यात मोठं. त्यांच्या मंडपात जेवून उठलेल्या पाहुण्याच्या पांढऱ्या पायजम्यावर कधीकधी ओल्या रंगाचं 'उत्तरेश्वर' उमटलेलं मी स्वतः बघितलं आहे. तो मी स्वतःच होतो.

माझी आई गेली तेव्हा तेराव्याला भांडी त्यांचीच होती. गुरुजी नैवेद्याची वाट बघत बसलेले, बायका डोळे पुसत असलेल्या, आणि हे गृहस्थ भाताचं मोठं पातेलं दोघांकडून कलंडवून बूड बघतायत. मी म्हणालो, "अहो, काय चाललंय?"

"न्हाई सर, शेजारच्या गावच्या मंडपवाल्याचं एक असंच पातेलं हाय. अदलाबदल झाली तर? दुःख आपल्या जागी हाय, पातेलं आपल्या जागी."

भात अर्धा जमिनीवर गेला. नाव मात्र त्यांचंच निघालं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं आमच्या घरात त्या तेरा दिवसांत कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं.

तर अशा माणसाच्या हाती एक गाण्यांचा अल्बम पडला. त्याचीच ही गोष्ट आहे.

तेलगाव आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या पाच-सहा पोरांनी एक गट केला होता. रॅप करणाऱ्यांचा. गटाचं नाव 'अर्धा कोयता'. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस असेल तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. या पोरांपैकी बहुतेकांचे आईबाप दसऱ्यानंतर तोडीला जाऊन हंगामभर उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणारे. त्यातली मनीषा माझ्या कॉलेजात शिकून पुढे बीएला गेलेली. गाणी तीच लिहायची. आसिफ म्हणून ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचा मुलगा होता, तो लॅपटॉपवर ताल बांधायचा. पान्यावर पाना आपटलेला, इंजिन धडधडलेलं, उसाच्या पाचटावरून, वाळल्या पाल्यावरून, पाय चाललेले, असले आवाज जमवून. अल्बमचं नाव त्यांनी ठरवलं होतं 'पट्टा पडला'. साखर कारखान्याचा हंगाम संपला, आता घरी जायचं, त्याला आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मनीषा आसिफला झापतेय आणि तो ते निमूटपणे तालात घेतोय. मग शब्द कानात शिरले.

*आई माझी फडात, मी मागच्या बाकावर,*
*बाई घेती हजेरी, माझं नाव पाचटावर.*
*अर्धी इकडं शाळा, अर्धी तिकडं कोपी,*
*कोण म्हणतं आमाला, जिंदगी हाय सोपी?*

एवढी वर्षं मी अलंकार शिकवत आलो. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. बायकोला वाटलं ॲसिडिटी.

पोरांना हवी होती फक्त एक बंद खोली आणि एक बरा माईक. दोन्ही उत्तरेश्वरभाऊंकडे होतं. शिवाय मोठ्या शहरांतले, गळ्यात साखळ्या घातलेले गाणारे त्यांनी मोबाईलवर बघितलेले होते. एका रात्रीत ते 'निर्माते' झाले. दुकानाच्या मागच्या गोदामाला स्टुडिओ म्हणायला लागले. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून मंडपाच्या गाद्या ठोकल्या, नावासकट. त्या खोलीत उभं राहिलं की चहूबाजूंनी 'उत्तरेश्वर' वाचायला मिळायचं आणि कुठल्या तरी लग्नातल्या वांग्याच्या भाजीचा वास यायचा.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं, 'साहित्यिक' म्हणून. मी सासऱ्यांच्या एकसष्टीला एक कविता केली होती, तेवढ्यावर. माईकला हळदकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. फीत त्यांनीच कापली, नारळ त्यांनीच फोडला, प्रमुख पाहुण्यांचा परिचय त्यांनीच करून दिला, आणि पाहुणे तेच होते. मग हार घातलेल्या माईकसमोर त्यांनी मराठवाड्याच्या सांस्कृतिक मागासलेपणावर भाषण केलं. पोरं भिंतीला टेकून उभी. भाषण संपल्यावर आसिफ हळूच म्हणाला, "भाऊ, रेकॉर्डिंग चालूच नव्हतं."

"कावून बे?"

"तुमी बटन दाबू नको म्हणलता. नारळ फुटल्याबगर."

"बरं मग. दाब आता. परत बोलतो."

आणि बोलले. पहिल्यापेक्षा लांब.

मला गाण्यांचं शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं. मी आपला इमानाने 'हाय'चं 'आहे' करत बसलो. मनीषाने माझ्या हातातला कागद काढून घेतला. "सर, तुमचं आहे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमचं हाय आमच्यापाशी." मी पेन खिशात ठेवलं. माझं निदान चालणारं होतं.

भाऊंना मात्र कुणी थांबवायचं? मनीषा आईवरचं गाणं म्हणत होती, तर मध्येच हात वर.

"थांब, थांब. पोरी, जरा हासत म्हण की."

"भाऊ, आईचं हाय हे. मोळ्या वाहती ती."

"वाहू दे की. पण ऐकणाऱ्यानं पैसे… आपलं, टाइम काढून ऐकायचं, तर त्येला रडवायचं कावून? आन् एक कडवं साहेबांवर टाक. पुढल्या महिन्यात वाढदिवस हाय त्येंचा."

"कोणत्या साहेबांवर?"

"आपल्या."

"त्येंनी कधी ऊस तोडलाय का?"

"न्हाई. पण कारखान्यावर असतेत."

मनीषाने कडवं टाकलं नाही. भाऊ आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. गटाच्या मते तेवढ्या आठवड्यात काम सगळ्यात चांगलं झालं.

बाकी काम होणार कसं? स्टुडिओचा माईक तोच लग्नाचा माईक. बारशाला गेला, गणपतीत गेला, कुणाच्या तरी सेवापूर्तीच्या सत्काराला गेला. पोरं यायची, गाद्यांकडे बघत बसायची आणि जायची. झालेलं रेकॉर्डिंगही भाऊंच्याच कॉम्प्युटरमध्ये, बाहेर न्यायला बंदी. "कलेला सबुरी लागती," असं म्हणून भाऊ माईक गाडीत घालून निघून जायचे. आणि इकडे दसरा जवळ येत होता.

दसऱ्याची घाई मनीषाला सगळ्यांत जास्त होती. त्याचं कारण तिने मला कॉलेजच्या पायरीवर सांगितलं. तिच्या भावाचं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणजे तो अर्धा कोयता. बापाने ठरवलं होतं, औंदा मनीषाला त्याच्या जोडीला लावायचं, कोयता पुरा होतो. शिक्षण काय, पुढच्या साली बघू. आई मधल्या मध्ये होती.

"आईनं आजून माझं एकबी गाणं नीट ऐकलं न्हाई, सर. मोबाईल फुटका हाय, आवाज खरखरतो. तिनं एकदा खुर्चीत बसून, निवांत ऐकलं ना, तर ती बापाला सांगल. बाप तिचं ऐकतो."

म्हणजे त्या अल्बमवर पोरीचं वर्ष टांगलेलं होतं. उत्तरेश्वरभाऊंना हे मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "काळजी सोडा सर. प्रकाशन असं घालतो की तिच्या बापाला फेटा बांधतो."

प्रकाशन दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत. मंडप, खुर्च्या, डीजेची भिंत. मागे फलक, त्यावर भाऊंचा फोटो माणसाएवढा आणि गटाचा फोटो शिक्क्याएवढा. साहेब यायचे होते, आले नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली शाल भाऊंनी थोडा वेळ वाट बघून स्वतःलाच घालून घेतली, लताच्या हस्ते. मनीषाचे आईबाप दुसऱ्या रांगेत. आईने बहुधा लग्नातलं जरीचं लुगडं नेसलं होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, पाठ न टेकता.

गाणं सुरू झालं. आसिफचं इंजिन धडधडलं, छातीत जाणवलं. मनीषाचा आवाज आला. आणि तेवढ्यात, विहिरीतून यावा तसा घुमत, "उत्तरेश्वरभाऊ साउंड, तेलगाव!"

मला वाटलं, हे सुरुवातीपुरतं असेल. आमच्याकडच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांत डीजेवाले मध्येमध्ये आपलं नाव घालतात, म्हणजे दुसऱ्याने ते गाणं चोरून वाजवलं तरी नाव पहिल्याचंच वाजतं. वरातीत ते चालतं. तिथं कोण शब्द ऐकतंय? पण भाऊंनी पोरांना न सांगता, त्यांच्या माघारी बसून, अल्बमच्या प्रत्येक गाण्यात दर दोन-चार ओळींना स्वतःला घातलं होतं. पातेल्याला घालावं तसं. आणि जिथं आवाज हळू, शब्द महत्त्वाचा, तिथं नेमकं. कारण तिथं जागा मोकळी वाटली त्यांना.

आईचं गाणं आलं. मनीषा मंडपाच्या खांबाला धरून आईकडे बघत होती. गाण्यातली ओळ मला पाठ होती :

*मोळीखाली मान तिची वाकली न्हाई कधी,*
*आख्खी गाडी भरली तिनं, मी उठायच्या आधी.*

ऐकू आलं ते असं : "मोळीखाली मान तिची, उत्तरेश्वरभाऊ साउंड, तेलगाव! तेलगाव! तेलगाव! मी उठायच्या आधी."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. आईने शेजारणीला विचारलं, "काय म्हणली गं ती?" शेजारीण म्हणाली, "काय की बाई. मंडपवाल्याचं कायतरी." बाप उठला. पायात चप्पल सरकवत लेकीला म्हणाला, तेही रागाने नाही, "यात तू कुटंय? समदं तर उत्तऱ्याच बोलतोय." आणि त्याच्यामागे आईही गेली. त्याच्यासाठी आणलेला फेटा खुर्चीवर तसाच राहिला.

आसिफ भाऊंकडे धावला. "भाऊ, बिननावाचं रेकॉर्डिंग कुटंय? पहिलं, आमचं. ते द्या. रातभर बसतो, सकाळपर्यंत करतो."

"ते पुसलं."

"पुसलं?"

"मग काय ठिवू? बगर नावाची चीज ठिवली की गेलीच म्हण. इतकी वर्सं धंदा करतोय मी. आरं, तुमच्याच भल्याचं केलं बे. उद्या पुण्या-मुंबईचं कुणी उचललं तर कळंल तरी, तेलगावचं हाय."

आसिफने लॅपटॉप मिटून काखेत मारला. मनीषा खांब सोडून आईबापामागे निघाली. भाऊंनी मात्र माईक हातात घेतला आणि उरलेल्या रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानले. मी त्यांच्याकडे बघत होतो. वाटत होतं, या माणसाच्या चेहऱ्यावर आता काहीतरी दिसेल, शरम नाही तर निदान शंका. त्यांनी शाल सावरली आणि मला विचारलं, "कसं झालं सर? भिंतीचा आवाज चांगला घुमला न्हाई?"

मनीषा तोडीला गेली. भावाचा कोयता पुरा झाला.

लताचा फोन आला की माझी बायको आधी हवापाण्याचं बोलते, मग म्हणते, "दाजी बरे आहेत ना?" मी मागून म्हणतो, "त्यांना काय होतंय?" त्यावरून आमच्यात दोनदा अबोला झाला. मी कितीही समंजस दिसत असलो तरी साडूचा तिरस्कार करण्यात एक घरगुती सुख असतं, हे मी नाकारत नाही.

पण आसिफ दिवाळीनंतर वडिलांचे पाने-पक्कड पिशवीत घालून मनीषाच्या फडावर गेला. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर बिघडतच असतात. दिवसा तो ते दुरुस्त करायचा. संध्याकाळी कोप्यांच्या रांगेत, ताडपत्रीखाली, डोक्यावरून गोधडी घेऊन मनीषा मोबाईलमध्ये म्हणायची. गोधडीवर कुणाचं नाव नव्हतं. मागे बैलांच्या घंटा, कुणाचं तरी तान्हं रडतंय, भाकरी थापल्याचा आवाज, सगळं तसंच राहू दिलं. हंगाम संपत आला तेव्हा अल्बम इंटरनेटवर आला. फडाफडांतून मोबाईलवर वाजला. आमच्या कॉलेजात तर मी वर्गात शिरलो की पोरं माझ्याकडे बघून "माझं नाव पाचटावर" म्हणायला लागली. मी ते कौतुक समजलो. ते माझ्यासाठी नव्हतंच.

यानंतर उत्तरेश्वरभाऊ मला दिसले ते पट्टा पडल्यावर. दोन्ही बहिणींना एका साखरपुड्याला जायचं होतं, गाडी त्यांची. चौसाळ्याला हायवेच्या हॉटेलवर चहाला थांबलो. तोडीवरून परतणाऱ्या गाड्या सारख्या चालल्या होत्या. ट्रॉल्यांत संसार, वर बायकापोरं, मागे बांधलेली शेळी. भाऊंनी चहा यायच्या आत हॉटेलवाल्याला ओळख करून दिली होती.

"'पट्टा पडला' ऐकलं का? अल्बम? ते आपल्यामुळंच."

"तुमी गाता?"

"निर्माता हाय."

मी बशीत चहा ओतला आणि बशीतच बघत बसलो.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आत वळला. ट्रॉलीतून मनीषा उतरली. काळवंडलेली, हाताला फडकं गुंडाळलेलं. मागून तिची आई. आईने मला ओळखलं. "सर, ऐकलं बरं का मी. समदं ऐकलं. परत परत लावून." मग लेकीकडे न बघता म्हणाली, "औंदाच्या दसऱ्याला न्हेत न्हाई हिला. हिच्या बापाला सांगितलंय."

मी एवढा मराठीचा मास्तर, "छान, छान" म्हणालो.

भाऊ कलिंगडं सावरत पुढे झाले. "काय पोरी! गाजतंय म्हणं आपलं? मी तवाच म्हणलतो. आता दुसरा अल्बम दणक्यात काढू. माईक नवा घेतलाय."

मनीषाने त्यांच्याकडे बघितलं. मी बशी खाली ठेवली. खरं सांगायचं तर मला तिने त्यांना चांगलं फैलावर घ्यावं असं वाटत होतं, हॉटेलभर ऐकू जाईल असं. तिच्याकडे शब्दांची काय कमी? पण ती त्यांच्या खांद्यावरून मागे, चाकाकडे बघत होती.

"भाऊ, थोडं सरका. ट्रॅक्टर मागं घ्यायचाय."

"हां, हां."

भाऊ सरकले. पण रिकामं उभं राहणं त्यांना कुठलं जमतंय? ट्रॅक्टरचं इंजिन गुरगुरलं, तसे ते धावत मागे गेले, दोन्ही हात वर केले आणि त्या मोठ्या आवाजात ओरडू लागले, "येऊ दे… येऊ दे… डावीकडं घे… येऊ दे!" ट्रॅक्टर चालवणारा मनीषाचा भाऊ मान वळवून दुसरीकडूनच, बहिणीच्या हाताकडे बघून गाडी मागे घेत होता. ट्रॉली वळली, सरळ झाली, मायलेकींना घेऊन हायवेला लागली आणि बीडच्या दिशेने गेली.

धुरात उभे राहून भाऊ अजून हात हलवत होते. मग शर्ट झटकत आमच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "निघाली नीट. न्हाईतर खांबालाच लागत होती, सर."